खरा, पण गैरलागू: जागतिक इतिहासाच्या सरावसंचाच्या नोंदी

२ जून

काम ठरलं. जागतिक इतिहासाच्या बहुपर्यायी परीक्षांसाठी एक सरावसंच करायचा, साधारण १२०० नंतरच्या काळावर. सुटे प्रश्न नकोत. आधी एक साधन द्यायचं (उतारा, चित्र, नकाशा किंवा तक्ता) आणि त्यावर तीन-चार प्रश्न विचारायचे. एपी वर्ल्ड हिस्टरी (अमेरिकेतल्या शाळकरी विद्यार्थ्यांसाठीचा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) याच्या परीक्षेचा साचा असाच आहे: ५५ मिनिटांत ५५ प्रश्न, आणि एकूण गुणांत त्यांचा वाटा ४० टक्के.

हाताशी असलेले जुने संच चाळले. दोनच तऱ्हा दिसल्या. एक, दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीची चांदी कोणत्या साली सापडली, खाली चार साली. १५४५ ठाऊक असेल तर गुण, नसेल तर नशीब. दुसरी तऱ्हा याहून वाईट: एक पर्याय बरोबर आणि बाकीचे तीन इतके बावळट की इतिहास न वाचलेलाही ते बाजूला काढेल. दोन्हींत विचार करायला जागाच नाही.

म्हणून या संचासाठी एकच कडक नियम घालून घेते. चुकीचे तिन्ही पर्याय होता होईल तो स्वतःपुरते खरे असले पाहिजेत. खरे, पण इथे गैरलागू.

५ जून

पहिला गट: गुयुक खानाचं पत्र. १२४६ मध्ये मंगोल खानानं पोप चौथा इनोसंट याला धाडलेलं उत्तर. मजकूर मुख्यतः फारसीत, वर खानाची मोहोर. फ्रान्सिस्कन भिक्षू जोव्हान्नी दा पियान देल कार्पिने हे पत्र घेऊन परतला आणि आजही ते व्हॅटिकनच्या दफ्तरखान्यात आहे. सूर असा: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचे सगळे देश देवाच्या बळानं आमच्या हाती आले आहेत, तू आणि तुझे राजे स्वतः येऊन शरण या, हंगेरीच्या लोकांनी आज्ञा मोडली आणि दूत मारले म्हणून त्यांची ती गत झाली.

प्रश्न: लेखकाचा हेतू या पत्रातून कोणत्या विधानात सर्वांत नेमका उतरतो?

(अ) मंगोल सत्तेखाली आशियातले दूरचे व्यापारी मार्ग अधिक सुरक्षित झाले.
(ब) आपल्या विजयांना दैवी आधार असल्याचं सांगून परकीय सत्ताधीशांकडून शरणागती मागणं.
(क) मंगोल राज्यकर्ते अनेक धर्मांच्या लोकांना आश्रय देत.
(ड) मंगोल साम्राज्याचे पुढे चार मोठे भाग पडले.

उत्तर (ब). पण (अ) कडे हात जाईल अशी माझी खात्री आहे, कारण मंगोल म्हटलं की ‘शांतता आणि व्यापार’ ही जोडी पाठ झालेली असते. पत्रात व्यापाराचा उल्लेख नाही. (क) खरं आहे, पण पत्राचा रोख तिकडे नाही. (ड) तर तेव्हा घडलेलंच नव्हतं.

६ जून

उत्तरसूचीत प्रत्येक बाद पर्यायापुढे एकेक खूण लिहायची: काळ (घडलं, पण तेव्हा नाही), स्थळ (घडलं, पण तिथे नाही), साधन (खरं, पण या साधनातून कळत नाही), रोख (साधनात आहे, पण प्रश्न दुसराच आहे), माप (साधन जेवढं पेलेल त्याहून मोठा दावा). पाचांत न बसणारा पर्याय आला की बघू.

११ जून

गॅलेचा त्रैभाषिक शिलालेख. हा गट लिहिताना फार रमले.

१४०९ चा लेख. चीनचा मिंग सम्राट योंगल याच्या वतीनं त्याचा नौसेनापती झंग ह याच्या आरमारानं श्रीलंकेत नेलेला. १९११ मध्ये गॅले इथे सापडला. एकाच दगडावर तीन भाषा आणि तिन्हींत दानाची यादी. चिनी मजकुरात दान बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णूचं रूप मानल्या गेलेल्या तेनावरै नायनाराला आणि फारसी मजकुरात अल्लाच्या नावानं. म्हणजे एकच राजा तीन वेगळ्या श्रोत्यांशी ज्याच्या त्याच्या भाषेत, ज्याच्या त्याच्या दैवताचा मान राखून बोलतो आहे.

प्रश्न सरळ ठेवला: शिलालेखावरून कोणत्या विधानाला आधार मिळतो? बरोबर पर्याय असा की हिंदी महासागराच्या बंदरांत निरनिराळ्या धर्मांचे समाज आहेत याची मिंग दरबाराला जाण होती आणि त्या सर्वांशी तो जुळवून घेऊ पाहत होता. बाद होणारे तिन्ही पर्याय सत्य: झंग ह च्या सागरी मोहिमा १४०५ मध्ये सुरू झाल्या (साधन), १४३३ नंतर त्या थांबल्या (काळ), आग्नेय आशियात इस्लामच्या प्रसारात व्यापाऱ्यांचा मोठा हात होता (स्थळ).

मग लक्षात आलं की गुयुकचं पत्रही फारसीतच आहे. एक मंगोल खान रोमच्या पोपला लिहितोय आणि सुमारे १६० वर्षांनी एक चिनी सम्राट श्रीलंकेसाठी दगड कोरवतोय. दोघांपैकी कुणाचीच मातृभाषा फारसी नाही, वाचणाऱ्या पोपचीही नाही. दोन साधनं शेजारी ठेवून विचारता येईल: यांतून कोणता समान निष्कर्ष निघतो? फारसी ही इराणच्या पलीकडे, राजकारण आणि व्यापाराची भाषा म्हणून दूरवर चालत होती. जोडणी करण्याचं कौशल्य म्हणतात ते हेच. एका साधनातून हे कळत नाही, दोघांच्या मध्ये ते दिसतं. असे प्रश्न लिहायला सर्वांत अवघड आणि सोडवणाऱ्याला सर्वांत आवडणारे.

१४ जून

पहिली चाचणी. सोडवणारे दोघे: इतिहासाचं भरपूर वाचन असलेला एक मित्र आणि परीक्षेला बसणारी एक विद्यार्थिनी, जिनं मंगोलांवर जेमतेम एक प्रकरण वाचलं आहे.

घसरण मित्राची जास्त झाली. त्याला चारही विधानं ओळखीची वाटतात, आणि ओळखीचं विधान त्याला खुणावतं. विद्यार्थिनीकडे ओळखीचं असं काही नाहीच, त्यामुळे ती निमूट उताऱ्याकडे परत जाते. अर्थात ज्ञान नको असा याचा अर्थ नव्हे. संदर्भाच्या प्रश्नांत तीच अडली. १२४६ मध्ये युरोपात मंगोलांची धास्ती का होती हे उतारा सांगत नाही, ते आधीच ठाऊक असावं लागतं.

(अ) बाद कसा, यावर ती माझ्याशी भांडलीच.

“ताई, पण हे खोटं कुठे आहे?”

“खोटं नाहीच. पण विचारलंय का ते, बघ की.”

“मग लिहिलंत कशाला?”

“तू निवडशील म्हणून.”

१८ जून

कार्यकारणाचा गट. साधन म्हणून अकापुल्को ते मनिला या गलबतमार्गाचा नकाशा.

चांदीची साखळी मनात मांडून घेतली. १५४५ मध्ये पोटोसीचा डोंगर. १५७० च्या दशकात तिथे पारा वापरून हलक्या खनिजातूनही चांदी काढायची रीत रुळली, आणि व्हाइसरॉय तोलेदोनं मिता पद्धतीनं मूळनिवासी गावांवर खाणकामाची वेठ लादली. १५७१ मध्ये मनिला स्पॅनिश ठाणं झालं. त्याच सुमारास मिंग चीनमध्ये निरनिराळे कर आणि वेठ एकत्र करून त्यांचा भरणा चांदीत घेण्याची पद्धत देशभर पसरली. शिवाय सोन्याच्या तुलनेत चांदीला चीनमध्ये युरोपपेक्षा जास्त भाव मिळे.

आता प्रश्न: सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेची चांदी इतक्या मोठ्या प्रमाणात चीनकडे का वळली? बहुतेक जण खाणींवर बोट ठेवतात. खाणी नकाशावर दिसतात, मागणी दिसत नाही. पण खाणी हे चांदी निघण्याचं कारण झालं. ती चीनकडेच का गेली याचं उत्तर चीनच्या करपद्धतीत आणि भावांत आहे. नकाशातली बाणाची दिशा समजून घ्यायला बाण जिथे संपतो तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

यासाठी एक कसोटी उत्तरसूचीत घातली: ‘हे नसतं तर?’ खाणी असत्या आणि चीननं कर धान्यातच घेतले असते, तर चांदी निघाली असती, पण इतकी पूर्वेला गेली असती का? बहुधा नाही. प्रश्नातला शब्द नीट वाचायचा: ‘थेट कारण’, ‘व्यापक संदर्भ’ आणि ‘परिणाम’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि पेपर काढणारा तिघांचीही उत्तरं एकाच चौकडीत ठेवतो. युरोपातली भाववाढ मी मुद्दाम पर्यायांत ठेवली. ती चांदीच्या ओघाचाच परिणाम, कारण म्हणून सजवलेला.

१९ जून

किरकोळ पण गुण खाणारी गोष्ट. सोळावं शतक म्हणजे १५०१ ते १६००. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे १७५१ ते १८००. साधनाखालच्या ओळीत साल आकड्यात असतं आणि प्रश्नात शतक असतं. घाईत शंभर वर्षांचा घोळ होतो. संचात मुद्दाम दोन्ही मिसळून ठेवलं आहे.

२४ जून

चित्राचा गट. चित्रकार बिचित्र यानं १६१५ ते १६१८ च्या सुमारास काढलेलं जहांगीराचं चित्र. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसला आहे, डोक्यामागे सूर्यचंद्राचं प्रचंड तेजोवलय. तो एका सूफी शेखाला ग्रंथ देतो आहे. शेखाच्या खाली उस्मानी सुलतान, त्याच्याखाली इंग्लंडचा पहिला जेम्स आणि अगदी तळाच्या कोपऱ्यात स्वतः चित्रकार, हातात एक चित्र घेऊन.

मित्रानं पहिल्याच फटक्यात निवडलं: मुघल दरबारात परदेशी राजे भेटीला येत. जेम्स हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. चित्राला छायाचित्र समजण्याचा हा मोह बराच चिवट आहे. उतारा वाचताना आपण सावध असतो, की हे कुणीतरी कुणालातरी उद्देशून लिहिलेलं आहे. चित्र पाहताना मात्र डोळ्यांवर विश्वास बसतो. म्हणून पहिला प्रश्नच असा केला: हे चित्र कशाचा पुरावा आहे? घडलेल्या प्रसंगाचा नाही. बादशहाला स्वतःला कसं दाखवून घ्यायचं होतं याचा. ऐहिक राजांपेक्षा संताचा मान मोठा, आणि तो मान देणारा बादशहा सगळ्यांच्या वर: धर्माच्या आधारानं सत्तेला वैधता मिळवण्याची ही रीत. तुलनेच्या प्रश्नासाठी शेजारी फ्रान्सचा चौदावा लुई ठेवला. त्यानं सूर्य हेच आपलं चिन्ह केलं होतं.

चित्र वाचण्याचा क्रम लिहून दिला: कोण उंचावर, कोण मोठा, कोणाची नजर कोणाकडे, कोण कडेला ढकललेला. नंतर खालची ओळ. कुणाच्या आश्रयानं काढलं हे त्या ओळीत असतं आणि अर्धं उत्तर तिथेच असतं.

बाद पर्यायांत एक आवडता: इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये सनद मिळाली. शंभर टक्के खरं, जेम्सचा चेहरा बघून हमखास आठवणारं, आणि चित्राशी त्याचं काही देणंघेणं नाही.

२७ जून

आज नियम तुटला.

अर्थेतिहासकार पॉल बेरोक यानं जगाच्या कारखानदारी उत्पादनातल्या देशोदेशींच्या वाट्याचे अंदाज काढले होते. त्यातले आकडे घेतले. भारतीय उपखंड: १७५० मध्ये २४.५ टक्के, १८३० मध्ये १७.६, १८८० मध्ये २.८, १९०० मध्ये १.७. ब्रिटन: त्याच वर्षी अनुक्रमे १.९, ९.५, २२.९ आणि १८.५. अमेरिका: १८८० मध्ये १४.७, १९०० मध्ये २३.६.

पर्याय लिहिला: ‘१७५० ते १९०० या काळात भारतीय उपखंडातलं एकूण उत्पादन घटलं.’ हे खरं की खोटं? तक्त्यावरून सांगताच येत नाही. तक्ता वाटा दाखवतो. एकूण भाकरीच मोठी झाली तर तुमचा तुकडा तेवढाच राहूनही वाटा घटतो. म्हणजे इथे बाद होणारं विधान ‘खरं पण गैरलागू’ या साच्यात बसत नाही. ते ‘ठरवता न येणारं’ आहे. ‘माप’ ही खूण थोडी ताणली की बसतं, पण तक्त्यांसाठी वेगळी खूण असलेली बरी. ‘अनिर्णित’ अशी सहावी खूण घेतली.

गंमत म्हणजे या तक्त्यातच त्याचा धडा दडलेला आहे. १८८० ते १९०० मध्ये ब्रिटनचाही वाटा २२.९ वरून १८.५ वर आला. त्या वीस वर्षांत ब्रिटनचे कारखाने कमी माल काढायला लागले होते असं कुणी म्हणणार नाही. अमेरिका आणि जर्मनी जास्त वेगानं वाढले, एवढंच. ज्या विद्यार्थ्याला ब्रिटनच्या ओळीत हे चटकन दिसतं त्यालाच उपखंडाच्या ओळीत दिसत नाही, कारण तिथे वसाहतवादाची गोष्ट आधीच डोक्यात असते. ती गोष्ट खोटी नाही. हातमागाच्या कापडाचं काय झालं याचे पुरावे भरपूर आहेत, पण ते या तक्त्याबाहेर आहेत. तसंच ‘ब्रिटिश धोरणामुळे’ हा कारणवाचक शब्द: कोणताही तक्ता ‘मुळे’ सांगत नाही.

आणखी एक प्रश्न सुचला: हे आकडे कुणाचे? १७५० च्या दफ्तरातून आलेले नव्हेत, विसाव्या शतकातल्या इतिहासकाराचा अंदाज आहे. तक्ता दिसला की तो प्राथमिक साधन आहे असं गृहीत धरलं जातं. इथे तो दुय्यम आहे.

१ जुलै

साधनचिकित्सा. बार्तोलोमे दे लास कासास यानं स्पॅनिश वसाहतींतल्या अत्याचारांवर लिहिलेला वृत्तांत: लेखन १५४२, छपाई १५५२, उद्देशून युवराज फिलिपला. लेखक डोमिनिकन धर्मगुरू. तरुणपणी स्वतःच एन्कोमिएंडाचा (मूळनिवासींकडून वेठ आणि खंडणी घेण्याच्या हक्काचा) धनी होता, नंतर ती सोडली.

या गटात मला एकच रोग बरा करायचा आहे: ‘लेखक पक्षपाती, म्हणून साधन निरुपयोगी.’ असा पर्याय विद्यार्थी फार आनंदानं निवडतात. त्यात आपण कसे फसलो नाही याचं समाधान असतं. पण पक्ष नसलेलं साधन कुठून आणायचं? लास कासासचा वृत्तांत मृतांच्या नेमक्या संख्येसाठी कच्चा आहे. पण स्पेनमध्येच विजयाच्या नीतिमत्तेवर वाद चालू होता याचा पुरावा म्हणून त्याच्याइतकं बळकट साधन क्वचित. १५५० ते १५५१ मध्ये वायादोलिद इथे विजयाचं समर्थन करणाऱ्या सेपुलवेदाशी त्याचा जाहीर वाद झाला. कोणत्या प्रश्नासाठी उपयोगी, हे आधी विचारायचं.

दोन प्रश्न लिहिले. पहिला: लास कासासनं युवराजालाच का लिहिलं, हे कशावरून समजतं? उत्तर: राजसत्ता कायदा बदलू शकत होती, १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी एन्कोमिएंडावर बंधनं घातली होती. दुसरा: मूळनिवासींच्या मृत्यूंचा सगळा भार विजेत्यांच्या क्रौर्यावर टाकणारा त्याचा युक्तिवाद कोणत्या पुराव्यानं सर्वांत कमकुवत होतो? उत्तर: देवीसारख्या नव्या रोगांच्या साथींनी लोकसंख्या कोसळली.

लिहून झाल्यावर पाहिलं तर साथींचं विधान पहिल्या प्रश्नात बाद पर्याय म्हणून बसलं होतं आणि दुसऱ्यात तेच उत्तर झालं होतं. विधान तेच, अक्षर न बदललेलं. आता सगळा संच याच तऱ्हेनं करायचा.

५ जुलै

चार प्रश्न, एकच चौकडी. साधन: व्हिएतनामची स्वातंत्र्यघोषणा, २ सप्टेंबर १९४५, हनोई, वाचणारा हो चि मिन्ह.

(अ) मार्च १९४५ मध्ये जपाननं इंडोचीनमधली फ्रेंच राजवट उलथून टाकली होती.
(ब) घोषणेची सुरुवात अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या शब्दांनी होते.
(क) फ्रान्सशी पुढे चाललेलं युद्ध १९५४ मध्ये संपलं.
(ड) १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियानंही स्वातंत्र्य जाहीर केलं होतं.

आता वरचे प्रश्न. परदेशी सत्तांचा, विशेषतः विजेत्या मित्रराष्ट्रांचा, श्रोता लेखकाच्या डोळ्यांपुढे होता हे कशावरून? (ब). ही घोषणा त्याच वेळी करता येण्याजोगी स्थिती कशानं निर्माण झाली? (अ). घोषणेला वसाहतसत्तेनं दिलेल्या प्रतिसादाची परिणती कशात झाली? (क). युद्धोत्तर काळातल्या मोठ्या प्रवाहाचा ही घोषणा भाग आहे, हे कशातून दिसतं? (ड).

चार विधानं, चारही खरी, चारही या विषयावरची. पाठांतरानं इथे काहीच हलत नाही; प्रश्नातलं क्रियापद वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. साधनचिकित्सा, संदर्भ, कार्यकारण, तुलना ही नावं विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात आणि चार वेगळ्या धड्यांत शिकवली जातात. एकाच चौकडीवर चारही चालवली की ती एकमेकांपासून कुठे वेगळी होतात ते कळतं.

असे गट लिहायला वेळ फार जातो. प्रत्येक पर्याय तीन जागी चूक आणि एका जागी बरोबर ठरला पाहिजे, दोन जागी अर्धवट बरोबर ठरून चालत नाही. (अ) आणि (ड) वर अजून थोडी शंका आहे: जपानच्या पराभवानं निर्माण झालेली पोकळी दोघांच्याही मुळाशी आहे. दुसऱ्या प्रश्नात ‘इंडोचीनमध्ये’ हा शब्द घालून (ड) बंद केला.

८ जुलै

वेळेची चाचणी. प्रश्नामागे एक मिनिट, त्यातच साधनही वाचायचं.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं झालं. आधी साधनाखालची ओळ: कोण, कुठे, केव्हा, कुणासाठी. मग प्रश्न. मग उतारा. पर्याय सर्वांत शेवटी, आणि शक्य तर त्याआधी मनात स्वतःचं उत्तर. पर्याय आधी वाचण्याचा सल्ला बरेच जण देतात. या प्रकारच्या पेपरात तो मला घातक वाटतो; चार खरी विधानं डोक्यात घेऊन उतारा वाचला की उताऱ्यात चारही दिसू लागतात.

‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीच’ असे शब्द दिसले की पर्याय बाद, ही युक्ती विद्यार्थिनीला कुणीतरी शिकवली आहे. संचातून असे शब्द काढून टाकले. युक्ती चालली की विचार थांबतो.

१२ जुलै

सातत्य आणि बदल. हैती.

१७९१ मध्ये सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत (आजची हैती) गुलामांचा उठाव. १८०१ मध्ये उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याची राज्यघटना. १८०४ मध्ये स्वातंत्र्य. १८२५ मध्ये फ्रान्सनं मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. साधन म्हणून १८०१ च्या घटनेतल्या तरतुदींचा सारांश घेतला: या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत, गुलामगिरी कायमची रद्द, मात्र मळे चालू राहिले पाहिजेत आणि शेतमजुरांना मळा सोडून जाण्याची मोकळीक नाही.

विचारलं सातत्य, निवडला बदल. दोघांनीही. ‘क्रांती’ हा शब्द शीर्षकात असला की डोळे बदलच शोधतात. निर्यातीसाठी ऊस-कॉफी पिकवणारा मळा आणि त्याला बांधलेला मजूर, हे टिकलं. माणसावरची मालकी गेली. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. शीर्षकातून ‘क्रांती’ काढून टाकू का, असा विचार आला, पण परीक्षेतलं शीर्षक थोडंच कुणी काढणार आहे? राहू दे.

१५ जुलै

उत्तरसूचीचा नवा नमुना. आता प्रत्येक बाद पर्यायापुढे खूण आहेच, त्याखाली एक रिकामी ओळही आहे: ‘हा पर्याय कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरेल, तो प्रश्न लिहा.’ माझ्या मते संचातली सर्वांत कामाची गोष्ट ही ओळ आहे. पर्याय नुसता खोडणं सोपं असतं. त्याला त्याचा प्रश्न शोधून द्यायचा तर काळ, स्थळ, हेतू सगळं पुन्हा तपासावं लागतं.

मित्रानं गॅलेच्या शिलालेखावर करून पाहिलं. ‘१४३३ नंतर मोहिमा थांबल्या’ यासाठी त्याचा प्रश्न: ‘हिंदी महासागरात मिंग सत्तेचा टिकाऊ दबदबा निर्माण झाला, या दाव्याला कोणत्या गोष्टीनं छेद जातो?’ मी लिहिला असता त्यापेक्षा बरा आहे. विचारून संचात घेतला.

विद्यार्थिनीनं जहांगीराच्या चित्रावरची ओळ भरून पाठवली. कंपनीच्या सनदेसाठी तिचा प्रश्न: ‘चित्रात इतका खाली बसवलेल्या राजाच्या देशाला या प्रदेशात रस होता, हे कशावरून दिसतं?’ त्याखाली तिनंच शेरा मारला आहे: “ताई, पण सनद एलिझाबेथनं दिली, जेम्स १६०३ ला गादीवर आला. म्हणून ‘राजाला’ न लिहिता ‘राजाच्या देशाला’ लिहिलंय.”

१८ जुलै

आफ्रिकेचा १९१४ चा नकाशा तेवढा बाकी आहे. इथिओपिया आणि लायबेरिया सोडून सगळीकडे युरोपीय रंग. इथिओपिया का सुटला यावर प्रश्न आहेच, उत्तर १८९६ ची अडोव्याची लढाई, जिथे इथिओपियानं इटलीला हरवलं. पण त्याआधी एक हवा: नकाशावर रंग भरला म्हणजे तिथे प्रत्यक्ष कारभार चालू होता का? आफ्रिकेवरच्या दाव्यांचे नियम युरोपीय सत्तांनी ठरवले ती बर्लिन परिषद १८८४ ते १८८५ ची, आणि परिषदेत किनाऱ्यावरच्या नव्या ताब्यांसाठी तरी ‘प्रत्यक्ष ताबा’ ही अट होती. आतल्या प्रदेशात अनेक ठिकाणी तो ताबा कागदावरच राहिला. बरोबर पर्याय ‘युरोपीय सत्तांनी केलेले दावे’ असा लिहिते, आणि ‘युरोपीय सत्तांचं नियंत्रण’ हा शेजारी ठेवते. खूण: माप.